मेंदू पहिल्यांदाच शिकताय? नावं पाठ करायला बसायच्या आधी हे वाचा

मी कॉमर्सवाली. पुढे मानसशास्त्राला ॲडमिशन घेतली आणि पहिल्याच सेमिस्टरला जैविक मानसशास्त्राचा पेपर समोर आला, त्यात मेंदूची इतकी नावं की मला वाटलं आपण चुकून मेडिकलच्या वर्गात बसलोय. मग नेहमीचं केलं, दोन रकाने आखले, डावीकडे भाग आणि उजवीकडे काम. हिपोकॅम्पस म्हणजे स्मृती, अमिग्डाला म्हणजे भीती, सेरेबेलम म्हणजे तोल. सगळं घडाघडा पाठ. तोंडी परीक्षेला सरांनी विचारलं, "झोपेत असताना दार धाडकन आपटलं आणि तू दचकून उठलीस, तर आतमध्ये काय काय झालं ते क्रमाने सांग." झालं, माझी बोलतीच बंद. नावं सगळी येत होती पण एकाही नावाचा दुसऱ्याशी संबंध सांगता येईना.

त्यानंतर मी उलटीकडून सुरुवात केली. एक साधी कृती घ्यायची आणि तिचा संदेश कुठून निघाला, कुठे थांबला, कुठे वळला याचा माग काढायचा. वाटेत जी स्टेशनं लागतील त्यांची नावं आपोआप लक्षात राहतात. खालच्या सगळ्या पायऱ्या याच पद्धतीच्या आहेत. सायन्स बॅकग्राउंड नसलेल्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, त्यामुळे बायोलॉजीवाल्यांना काही गोष्टी बाळबोध वाटतील, त्यांनी तेवढ्या सोडून द्या.

लागणारं सामान

- कोरी, रेघा नसलेली वही
- तीन रंगांच्या पेन्सिली (एक आत येणाऱ्या संदेशाला, एक बाहेर जाणाऱ्या, एक मधल्या जोडणीला)
- मुलांची खेळायची क्ले, दोन-तीन रंगांत
- ३० सेंटीमीटरची पट्टी आणि ती धरायला एक माणूस
- एकच चांगला ॲटलास किंवा आकृत्यांचं पुस्तक. एकच! पाच ठिकाणच्या आकृत्या जमवल्यात की रंग वेगळे, कोन वेगळे, नावं वेगळी, आणि तुम्ही पुन्हा शून्यावर.

१. आधी शब्दांची भांडणं मिटवा

मराठीत वाचणाऱ्यांची पहिली अडचण ही की एकाच गोष्टीला तीन नावं आहेत. शाळेच्या पुस्तकात चेतासंस्था, बोलताना मज्जासंस्था, कोशात तंत्रिका तंत्र. तिन्ही एकच. सेरेबेलमला कुणी अनुमस्तिष्क म्हणतं, कुणी निमस्तिष्क, कुणी सरळ लहान मेंदू. मी पहिला महिनाभर अनुमस्तिष्क आणि निमस्तिष्क हे दोन वेगळे भाग समजत होते, हसू नका. वहीच्या शेवटच्या पानावर एक तक्ता करा, एका भागाची सगळी नावं एका ओळीत, आणि नवीन नाव दिसलं की आधी तिथे बघायचं.

लॅटिन-ग्रीक नावांना घाबरू नका, जुन्या लोकांनी दिसलं तसं नाव ठेवलंय. कॉर्टेक्स म्हणजे झाडाची साल, कारण तो वरचा थर आहे. अमिग्डाला म्हणजे बदाम. हिपोकॅम्पस म्हणजे समुद्रघोडा, आणि बाहेर काढलेला हिपोकॅम्पस खरंच तसा दिसतो. अर्थ एकदा बघून ठेवला की आकार आणि नाव दोन्ही डोक्यात राहतं.

२. दिशा समजून घ्या, इथेच निम्मे लोक आपटतात

डॉर्सल म्हणजे पाठीकडची बाजू, व्हेंट्रल म्हणजे पोटाकडची. चार पायांच्या प्राण्यात हे सोपं असतं, मेंदू आणि पाठीचा कणा एका रेषेत. आपण दोन पायांवर उभे राहिलो आणि ती रेषा मेंदूच्या खोडाच्या वर वाकली. त्यामुळे मेरुरज्जूत डॉर्सल म्हणजे पाठीकडे, पण मेंदूत डॉर्सल म्हणजे टाळूकडे. हे कुणी सांगत नाही आणि मग आकृती उलटी वाटत राहते.

दुसरा सापळा एमआरआयचा. समोर लावलेल्या स्कॅनमध्ये चित्राची डावी बाजू म्हणजे सहसा पेशंटची उजवी, जणू तो तुमच्याकडे तोंड करून आहे. मी एका असाइनमेंटमध्ये अख्खी आकृती डावी-उजवी उलटी लिहिली होती, मार्क गेलेच, वर पूर्ण वर्गासमोर उदाहरण म्हणून दाखवली गेली ते वेगळंच.

तिसरं, आकृतीतल्या रंगांवर जाऊ नका. मेंदूत निळं-हिरवं काही नसतं. करडा भाग म्हणजे पेशींची शरीरं, पांढरा भाग म्हणजे मायलिनचं चरबीयुक्त वेष्टण असलेल्या तारा. मोठ्या मेंदूत करडा थर बाहेर आणि पांढरा आत, मेरुरज्जूत बरोब्बर उलटं.

३. क्लेचा मेंदू करा, अर्धा तास लागतो

पोरखेळ वाटेल पण करा. कागदावर मेंदू सपाट दिसतो आणि "आत" म्हणजे नक्की कुठे हे कळत नाही.

आधी अंगठ्याएवढी कांडी करा, हे मेंदूचं खोड. त्यात खालून वर मस्तिष्कपुच्छ, पॉन्स, मध्यमेंदू. श्वास, हृदयाची गती, झोप-जाग यांचा कारभार इथला, म्हणून इथे छोटी इजाही जीवघेणी ठरू शकते. कांडीच्या टोकावर दोन छोटे अंडाकृती गोळे शेजारी शेजारी, हे थॅलॅमस. वास सोडला तर बाकीच्या इंद्रियांचा माल कॉर्टेक्सकडे जायच्या आधी इथे उतरतो. त्याच्या खाली वाटाण्याएवढा हायपोथॅलॅमस, आकाराने क्षुल्लक पण भूक, तहान, तापमान, हार्मोन्स सगळं याच्या हातात. कांडीच्या मागे खालच्या बाजूला एक चपटा गोळा, हा लहान मेंदू. आता या सगळ्यावर दोन मोठे अर्धगोल टोपीसारखे बसवा आणि काडीने सुरकुत्या पाडा. अर्धगोल बसवायच्या आधी दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला एकेक बदाम आणि त्याच्या मागे एकेक वळलेला समुद्रघोडा ठेवायला विसरू नका. दोन-दोन आहेत, पुस्तकात एकाच बाजूचे दिसतात म्हणून लोक एकच समजतात.

अर्धगोलाचे चार भाग: कपाळामागे फ्रंटल, टाळूच्या मागच्या बाजूला पॅरायटल, कानापाशी टेम्पोरल, डोक्याच्या अगदी मागे ऑक्सिपिटल. दृष्टीचा कॉर्टेक्स डोळ्यांपासून सर्वांत लांब, मागे, हे लक्षात ठेवायला मजेशीर आहे.

आकड्यांपैकी हे पुरेत. मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १.३ ते १.४ किलो, शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण आपण नुसते बसलेलो असतो तेव्हाही शरीराच्या ऊर्जेतला सुमारे २० टक्के वाटा एकटा खातो. चेतापेशी अंदाजे ८६०० कोटी. आणि त्यातल्या सुमारे ६९०० कोटी त्या मागच्या चपट्या लहान मेंदूत आहेत! "सेरेबेलम म्हणजे तोल" एवढं एका ओळीत उरकणाऱ्यांनी हा आकडा परत वाचावा.

४. एक चेतापेशी नीट समजून घ्या, बाकी सगळ्या तिच्याच बहिणी

फांद्यांसारख्या वृक्षिका संदेश घेतात, पेशीचं शरीर सगळ्याची गोळाबेरीज करतं, आणि लांब अक्षतंतू तो पुढे पाठवतो. शांत पेशीच्या आतला भाग बाहेरच्या तुलनेत उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असतो. आलेल्या संदेशांनी तो उणे ५५ च्या जवळपास चढला की पेशी उडते, म्हणजे विजेचा संदेश पुढे सोडते, नाही चढला तर काहीच नाही. अर्धवट उडणं हा प्रकार नाही. मग जोरात चिमटा आणि हळू चिमटा यातला फरक कळतो कसा? पेशी सेकंदाला किती वेळा उडते आणि किती पेशी उडतात यावरून.

दोन पेशींमध्ये फट असते, सिनॅप्स, आणि ती बहुतेक ठिकाणी रसायनाने ओलांडली जाते. हे १९२१ मध्ये ओटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयांवर दाखवलं. एका हृदयाची व्हेगस चेता (मेंदूकडून हृदयाकडे येणारी) उत्तेजित करून त्याचे ठोके मंद केले, त्याच्या भोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयाला दिलं, आणि चेतेला हात न लावता तेही मंदावलं. म्हणजे द्रवात काहीतरी उतरलं होतं. १९३६ चं नोबेल मिळालं त्यांना, हेन्री डेल यांच्याबरोबर विभागून.

आयन चॅनेल, सोडियम-पोटॅशियम वगैरे पहिल्या फेरीत वरवर बघा. मी तिथे तीन आठवडे अडकले होते आणि काही गरज नव्हती.

५. आता खरा अभ्यास: पायाचं बोट कॉटला आपटतं

रात्री अंधारात पाणी प्यायला उठलात आणि करंगळी कॉटच्या पायाला धाडकन आपटली. वहीचं एक पूर्ण पान घ्या, खाली पाऊल काढा, वर मेंदू, मध्ये मेरुरज्जू, आणि पेन्सिली घेऊन बसा.

पहिल्या रंगाने आत येणारी वाट. बोटातून संवेदी चेता मेरुरज्जूच्या डॉर्सल बाजूने, म्हणजे पाठीकडून, आत शिरते. तिथल्या तिथे मधली पेशी संदेश प्रेरक चेतेला देते आणि ती व्हेंट्रल बाजूने बाहेर पडून पाय वर उचलते. मेंदूला अजून पत्ता नाही. ही प्रतिक्षिप्त क्रिया. याहून भारी गोष्ट म्हणजे त्याच क्षणी दुसऱ्या पायाचे स्नायू ताठ होतात, नाहीतर एक पाय उचलल्यावर तुम्ही पडला असता. हाही निर्णय मेरुरज्जूचाच.

तोवर संदेशाची एक शाखा मेरुरज्जूतच पलीकडच्या बाजूला जाते आणि वर चढते. थॅलॅमस, तिथून पॅरायटल भागातली स्पर्शाची पट्टी. डावं बोट, उजवा मेंदू. त्या पट्टीवर शरीराचा नकाशाच आहे, पावलाची जागा दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत आत वळलेली, हात आणि चेहरा बाहेरच्या बाजूला आणि भरपूर जागा अडवून. "कुठे लागलं" हे इथे कळतं. "किती वाईट वाटतंय" त्याला इन्सुला आणि सिंग्युलेट कॉर्टेक्स हे दुसरे भाग लागतात.

आता आठवून बघा, बोट आपटल्यावर दुखणं दोनदा येतं. आधी चटकन एक तीक्ष्ण कळ, मग एक विचित्र मोकळा क्षण, ज्यात आपल्याला माहीत असतं की आता खरं दुखणार आहे, आणि मग ठसठस येते. दोन वेगळ्या तारा आहेत म्हणून. ए-डेल्टा तंतूंवर पातळ मायलिन असतं, ते सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने जातात. सी तंतूंवर मायलिन नाहीच, वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर. पायापासून कण्यापर्यंतचं मीटरभर अंतर कापायलाच त्यांना सेकंदभर लागू शकतो. तो मोकळा क्षण म्हणजे हा फरक.

आणि मग आपण बोट धरून चोळत बसतो. का? स्पर्शाचे जाड तंतू मेरुरज्जूच्या दारातच दुखण्याचा संदेश दाबतात. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडली, गेट कंट्रोल म्हणतात. पुढे त्यातले तपशील बदलले, पण चोळल्याने बरं का वाटतं याचं मूळ उत्तर तेच.

हे एक पान झालं की बघा किती नावं आली, आणि रकाने एकदाही आखावे लागले नाहीत.

सापळा: "डावा मेंदू उजवं शरीर" हा नियम सगळीकडे लावू नका. लहान मेंदू त्याच बाजूचं शरीर सांभाळतो. आणि डोळ्यांच्या बाबतीत डावा डोळा उजव्या मेंदूकडे असं नसतं, दोन्ही डोळ्यांना दिसणारा डावीकडचा देखावा उजव्या मेंदूकडे जातो.

६. पट्टीने स्वतःची चेतासंस्था मोजा

मदतनीसाने पट्टी उभी धरायची, शून्य खाली. तुम्ही अंगठा आणि तर्जनी शून्यापाशी उघडी ठेवा, पट्टीला न लावता. त्याने न सांगता सोडायची, तुम्ही पकडायची. १५ सेंटीमीटरवर पकडली तर साधारण ०.१७ सेकंद, २० ला ०.२०, २५ ला ०.२३. दहा वेळा करा, सरासरी घ्या.

मग शंभरातून सात-सात वजा करत मोठ्याने मोजा आणि मोजता मोजता पकडा. पट्टी बरीच खाली जाते, कधी कधी सुटतेच. लक्ष एकाच वेळी दोन कामांना सारखं पुरत नाही हे तेव्हा हाताला कळतं. मोबाईलवर बोलत गाडी चालवणाऱ्या घरच्या मंडळींना हा खेळ आवर्जून खेळायला लावा.

७. वागणूक समजायला पेशंटच्या गोष्टी वाचा, पण शेवटपर्यंत

एखादा भाग काय करतो हे तो गेल्यावर काय बिघडतं यावरून कळलं, निदान सुरुवातीला तरी. सुरुवात हेन्री मोलेसनपासून करा. बरीच वर्षं ते फक्त एच. एम. या अक्षरांनी ओळखले जायचे, २००८ मध्ये वारल्यावर नाव जाहीर झालं. १९५३ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, फिट्स थांबवायला सर्जन विल्यम स्कोव्हिल यांनी त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा टेम्पोरल लोबचा आतला भाग काढला, त्यात हिपोकॅम्पसचा मोठा हिस्सा गेला. फिट्स कमी झाल्या, बुद्ध्यांक शाबूत, गप्पा छान मारायचे. पण नवीन काही टिकेना. तुम्ही खोलीबाहेर जाऊन परत आलात की नव्याने ओळख.

मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना एक काम दिलं. कागदावर दुहेरी रेषांचा तारा, हात थेट दिसणार नाही, आरशात बघून दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. घरी करून बघा, हात भलतीकडेच पळतो. तीन दिवसांत एच. एम. यांच्या चुका कमी होत गेल्या, आणि दर वेळी हे काम आपण आधी कधी केलंय हेच त्यांना आठवत नसे. हात शिकला होता, माणसाला पत्ता नव्हता. म्हणजे स्मृती ही एक वस्तू नाहीच. प्रसंग आणि माहिती साठवायला हिपोकॅम्पस लागतो, कौशल्यांचं काम बेसल गँग्लिया आणि लहान मेंदू अशा इतर भागांवर चालतं. माझ्या त्या रकान्यातली "हिपोकॅम्पस म्हणजे स्मृती" ही ओळ मी इथे खोडली.

मग फिनिआस गेज. १३ सप्टेंबर १८४८, अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये रेल्वेसाठी खडक फोडताना स्फोट झाला आणि सुमारे सहा किलोची, मीटरभराहून लांब लोखंडी पहार डाव्या गालातून शिरून डोक्यातून बाहेर गेली. माणूस वाचला, बोलत होता. नंतर स्वभाव बदलला, आवर राहिला नाही असं त्याच्या डॉक्टरांनी, हार्लो यांनी, नोंदवलं. बहुतेक जण गोष्ट इथेच थांबवतात आणि "फ्रंटल लोब गेला, माणूस जनावर झाला" म्हणून मोकळे होतात. पण गेजने पुढे चिलीमध्ये काही वर्षं घोडागाडी हाकण्याची नोकरी केली, ज्याला बऱ्यापैकी नियोजन आणि संयम लागतो. म्हणून म्हटलं, शेवटपर्यंत वाचा.

अमिग्डालाचंही तसंच. एस. एम. नावाने ओळखली जाणारी एक बाई, दोन्ही अमिग्डाला निकामी, साप हातात घेतला, मोठ्या कोळ्याला हात लावायला निघाली. "बघा, भीतीचं केंद्र!" पण संशोधकांनी तिला कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा हुंगायला दिली तेव्हा ती चक्क घाबरून गेली, पॅनिक अटॅक. बाहेरच्या धोक्याला अमिग्डाला लागतो, शरीराच्या आतून आलेल्या धोक्याला वेगळी वाट आहे असं दिसतं.

८. धडधड, कोरडं तोंड, गार हात

मेंदू-मेरुरज्जूच्या बाहेर एक स्वयंचलित विभाग आहे, त्याचे दोन भाग: सिंपथेटिक (अंगाला धावपळीला तयार करणारा) आणि पॅरासिंपथेटिक (परत शांत करणारा). माझ्या त्या तोंडी परीक्षेच्या आधी तोंड सुकलं होतं, तळवे गार आणि घामट. सिंपथेटिकने लाळ आणि पचन मागे ठेवलं, त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळल्या, हृदय पळवलं, ॲड्रेनल ग्रंथीतून ॲड्रेनलीन सोडलं. हे सगळं सेकंदांत. दुसरी, हळू साखळी हायपोथॅलॅमस, पिट्युटरी, ॲड्रेनल अशी रक्तातून जाते आणि कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनची पातळी साधारण २० ते ३० मिनिटांनी वर पोचते. भांडण मिटून अर्धा तास झाला तरी आपण धुसफुसत असतो त्यात हिचाही हात असतो.

मनगटावर नाडी धरा, सावकाश श्वास आत घ्या, मग त्याहून सावकाश सोडा. आत घेताना ठोके जरा जवळ येतात, सोडताना लांब जातात. हे काम पॅरासिंपथेटिकच्या व्हेगस चेतेचं, लोवींच्या बेडकातली तीच. तरुणांमध्ये फरक जास्त जाणवतो.

९. रसायनांना टोपणनावं देऊ नका

डोपामिन म्हणजे आनंद, सेरोटोनिन म्हणजे मूड, ऑक्सिटोसिन म्हणजे प्रेम, हे सगळं रीलवाल्यांसाठी ठीक आहे. रसायन काय करतं हे ते कुठल्या वाटेवर सुटलंय यावर ठरतं. मध्यमेंदूतल्या सब्स्टान्शिया नायग्रामधून निघणारं डोपामिन हालचालीसाठी लागतं, तिथल्या पेशी मेल्या की पार्किन्सन. आणि बक्षिसाच्या वाटेवरसुद्धा गोष्ट साधी नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर दाखवलं की सुरुवातीला रसाचा अनपेक्षित थेंब मिळाला की या पेशी उडतात, पण दिव्यानंतर रस येतो हे कळलं की दिवा लागतानाच उडतात, रसाला काही नाही. दिवा लागला आणि रस आलाच नाही, तर नेमक्या त्या वेळी नेहमीपेक्षाही शांत होतात. मोबाईल वाजला की जीव वर-खाली होतो आणि मेसेज कंपनीचा निघाला की जो विरस होतो तो आठवा. सेरोटोनिनचं म्हणाल तर शरीरातलं जवळपास ९० टक्के आतड्यात असतं आणि ते रक्तातून मेंदूत जात नाही.

१०. हे दिसलं की पान उलटा

- "आपण मेंदूचा फक्त १० टक्के वापर करतो." साफ खोटं, वर ऊर्जेचा आकडा दिलाय.
- "मी राइट ब्रेन्ड आहे." भाषेचं बरंचसं काम बहुतेकांत डावीकडे चालतं हे खरं, पण माणसं डाव्या-उजव्या मेंदूची नसतात.
- "सरड्याचा मेंदू, त्यावर भावनांचा, त्यावर विचारांचा." तीन मजली मेंदूची ही कल्पना पॉल मॅकलीन यांची, लक्षात ठेवायला छान, पण मेंदूची उत्क्रांती अशी मजल्यावर मजले चढवून झालेली नाही.
- "अमुक भाग स्कॅनमध्ये उजळला, म्हणजे तिथेच ती भावना." एफएमआरआय रक्तातल्या प्राणवायूतले बदल मोजतं, तेही सेकंदांच्या उशिराने. रंग सॉफ्टवेअर भरतं.

११. रोज एक कृती, एक पान

पायरी ५ सारखं पान रोज एका कृतीचं करा. शिंक, जांभई, सायकलवर तोल, ओळखीचा आवाज ऐकून मान वळणं. पहिली आठ-दहा पानं भयंकर होतात, बाण हवेत लटकतात. लटकलेल्या बाणापाशी प्रश्नचिन्ह टाकून पुढे जा, दुसऱ्या दिवशी ॲटलासमध्ये फक्त तेवढंच शोधा.

माझं दार आपटल्याचं पान चौथ्या प्रयत्नात जमलं. कान, श्रवणचेता, पॉन्समधल्या मोठ्या पेशींचा छोटा गट, तिथून थेट मेरुरज्जूत आणि मान-खांद्याचे स्नायू आवळलेले, कॉर्टेक्सला "दार आपटलं" हे कळायच्या आत. सिंपथेटिकची धडधड त्यामागून. सरांना कॉरिडॉरमध्ये गाठून वही दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "डावं-उजवं यावेळी बरोबर आहे."